पाल पाळायची झाली तर

शिकागोजवळच्या एका गावातून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. माहेर सांगलीचं, लग्न होऊन तिकडे गेल्याला चौदा वर्षं झाली. आई इथून अंक पाठवते, ते त्या वाचतात. लिहितात, ‘अकरा वर्षांच्या लेकीनं पाल पाळायचा हट्ट धरला आहे. भाड्याच्या घरात कुत्रं चालत नाही, मांजराची ह्यांना ॲलर्जी. वर्गातल्या दोघीतिघींकडे पाली आहेत म्हणे! ह्यांनी अट घातली आहे, दीडशे डॉलरच्या वर एक सेंटसुद्धा जाता कामा नये. आणि दिवाळी झाली की सासूबाई सहा महिन्यांसाठी येणार. मी काय करू?’

मैत्रिणींनो, आपण साऱ्या जणी केरसुणी घेऊन पालीमागे धावणाऱ्या. ती विकत आणायची, वर तिला गादी-उशी करायची, हे ऐकून तुम्हाला हसू आलं असेल. पण आपल्यापैकी कितीतरी जणींच्या लेकी-सुना तिकडे आहेत, आज ना उद्या नातवंडांचा असा हट्ट कानावर येणारच. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट ही की, आपल्या ट्यूबलाइटमागे बसते ती पाल वेगळी आणि तिकडे पाळतात ती वेगळी. तिला लेपर्ड गेको म्हणतात, बिबट्यासारखे ठिपके असतात म्हणून. लहानपणी पट्टे असतात, वय वाढतं तसे त्यांचे ठिपके होतात. मूळची ती अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि आपल्या वायव्येकडच्या कोरड्या, खडकाळ मुलखातली. तिची चुलत बहीण महाराष्ट्र-गुजरातच्या माळरानांवरही आहे. लांबी शेपटीसकट सात ते दहा इंच. आपल्या घरच्या पालीला पापण्या नसतात, हिला असतात. ती डोळे मिटून झोपते आणि तोंडाची ठेवण अशी, की सदा हसल्यासारखी दिसते. मुख्य म्हणजे हिच्या बोटांना चिकटगाद्या नाहीत. त्यामुळे ती भिंतीवर चढत नाही, छतावरून ताटात पडायचा प्रश्नच नाही. सासूबाईंना सांगायला एवढा एक मुद्दा तुमच्या हाती आला.

आता पैशांचं. दुकानात पाल साधारण चाळीस डॉलरला मिळते, म्हणून स्वस्त वाटते. खर्च आहे तो तिच्या घराचा. आणि तिथेच दुकानदार ‘सुरुवातीचा संच’ म्हणून एक खोका गळ्यात मारतात. त्यात पेटी लहान असते, लाल दिवा असतो, वाळूची पिशवी असते आणि ज्याच्यावाचून चालत नाही तो थर्मोस्टॅट बहुधा नसतो. हा संच घेऊ नये. सुटं सुटं जमवावं.

पेटी वीस गॅलनची, लांबट घ्यावी. म्हणजे ३० इंच लांब, १२ रुंद, १२ उंच. याहून लहान नको, मोठी मिळाली तर उत्तमच. नवी मुळीच घेऊ नका. तिकडे लोक माशांच्या पेट्या हौसेनं घेतात आणि वर्षाच्या आत कंटाळतात. जुन्या सामानाच्या जाहिरातींत, गॅरेज सेलमध्ये वीस-पंचवीस डॉलरला जाळीच्या झाकणासकट मिळते. माशांसाठी गळकी पेटी कुणी फुकट देत असेल तर आनंदानं घ्या, आपल्याला पाणी कुठे भरायचं आहे? फक्त काच तडकलेली नसावी. घरी आणल्यावर दहा भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून आतून पुसावी, दहा मिनिटं तशीच ठेवावी, मग वास जाईपर्यंत धुऊन उन्हात वाळवावी. ब्लीचमध्ये दुसरं कुठलंही औषध किंवा व्हिनेगर मिसळू नये, विषारी वाफ होते.

तळाला वाळू नको. लहान पाल भक्ष्यावर झेप घेताना वाळूही गिळते आणि पोट गच्च होऊन मरते. फरशी बसवणाऱ्यांच्या दुकानात उरलेल्या खरखरीत टाइल्स सात-आठ डॉलरमध्ये होतात. पुसायला सोप्या, वर्षानुवर्षं टिकतात. तेवढेही पैसे नसले तर पेपर टॉवेल घाला, पालीला काही वाटत नाही.

तिला लपायला तीन जागा लागतात: एक उबदार बाजूला, एक गार बाजूला आणि एक ओलसर. दुकानात कवटीच्या नाहीतर डोंगराच्या आकाराच्या गुहा पंधरा-वीस डॉलरला एक विकतात. आपल्याकडे दह्याचे डबे असतात की! तिकडच्या कुठल्याही मराठी घरात कपाट उघडलं की दह्याचे रिकामे डबे अंगावर पडतात. डबा पालथा घालावा, पाल आत जाईल एवढं भोक पाडावं, कडा मेणबत्तीवर किंचित धरून गुळगुळीत करावी. तिसऱ्या डब्यात ओला पेपर टॉवेल घालून ठेवावा. ही ओलसर खोली म्हणजे चैन नव्हे. पाल कात टाकते तेव्हा अंगाला ओल मिळाली नाही तर बोटांवर कातडी अडकून राहते, रक्त थांबतं आणि बोटं झडतात. डबे फुकट, पण टॉवेल रोज ओला करायला विसरायचं नाही.

इथपर्यंत हवी तेवढी काटकसर करा. पण उबेच्या बाबतीत काटकसर करायची नाही.

ही पाल अन्न पचवते ते पोटाखालच्या उबेवर. पेटीच्या एका बाजूची फरशी ३१ ते ३३ सेल्सिअस, म्हणजे तिकडच्या भाषेत ९० फॅरेनहाइटच्या आसपास हवी आणि दुसरी बाजू पंचाहत्तर-ऐंशी फॅरेनहाइट, म्हणजे ती हवं तेव्हा इकडून तिकडे जाईल. त्यासाठी पेटीच्या तळाला बाहेरून चिकटवायचा हीटिंग पॅड मिळतो. तळाचा साधारण एकतृतीयांश भाग झाकेल असा घ्यावा, वीस डॉलरपर्यंत येतो. पेटीखाली चार कोपऱ्यांना रबरी बुटं लावावीत, हवा खेळती राहते. आणि या पॅडला थर्मोस्टॅट जोडायचाच. आपल्या गीझरमध्ये असतो तसा, पाणी तापलं की बंद, निवलं की सुरू. तो पंचवीस-तीस डॉलरला पडतो आणि नेमका हाच खर्च लोक टाळतात. नुसता पॅड तापत राहिला की काच चटका बसेल इतकी तापते, पालीला ते चटकन उमगत नाही, ती तिथेच बसून राहते आणि पोट भाजून घेते. तापतात ते दगड विकायला असतात, तेही याच कारणानं घेऊ नयेत. सोबत तार असलेला डिजिटल तापमापक घ्यावा, दहा-बारा डॉलरचा. काचेवर चिकटवायची गोल तबकडी हवेचं तापमान सांगते, फरशीचं नाही.

विजेची काळजी करू नका. एवढ्या पेटीचा पॅड पंधरा-सोळा वॅटचा असतो. अखंड चालला तरी महिन्याला अकरा-बारा युनिटं, म्हणजे दोन-तीन डॉलर.

मग कॅल्शियमची पावडर, डी-३ असलेली, आणि व्हिटॅमिनची पावडर, मिळून पंधरा डॉलर. ही नाही दिली तर पालीला मुडदूस होतो, अक्षरशः तोच. हाडं मऊ पडतात, पाय वाकडे होतात, जबडा लोंबतो. पुष्कळ जाणकार आता मंद अतिनील दिवाही लावायला सांगतात. चांगलाच आहे, पण पावडर नेमानं दिली तर पहिल्या वर्षी त्याच्यावाचून अडत नाही, पुढे सवडीनं घ्यावा.

आता बेरीज पाहा. पेटी २५, पॅड २०, थर्मोस्टॅट ३०, तापमापक १२, पावडरी १५, टाइल्स ८. झाले ११०. पाल ४०. झाले दीडशे. पहिल्या महिन्याचं खाणं धरलं की १६०. भाव गावोगाव थोडे इकडे तिकडे होतील. दहा डॉलर वर गेले म्हणून तुमचे यजमान कुरकुरले, तर एका रविवारी बाहेर जेवायला जाऊ नका. पण डॉक्टरांसाठी वेगळे शंभर डॉलर बाजूला हवेत, आणि ते या हिशेबात नाहीत हे यजमानांना आधीच सांगा. कुत्र्यामांजरांचे सगळेच डॉक्टर पालीला हात लावत नाहीत. पाल आणण्याआधी फोन करून विचारून ठेवावं.

खाण्याकडे वळू या. इथे आपल्यातल्या पुष्कळजणींचं घोडं अडणार आहे. ही पाल जिवंत किडे खाते आणि फक्त किडेच खाते. भाजी, फळ, पोळीचा तुकडा, काही चालत नाही. मीलवर्म नावाच्या अळ्या डबीतून मिळतात, आपल्या साठवणीच्या पिठात-कोंड्यात होणाऱ्या अळ्यांच्याच जातभाई. मोठ्या पालीला दिवसाआड पाच-सात पुरतात, पिल्लाला रोज द्याव्या लागतात. पालीच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून जाड अळी देऊ नये. आदल्या दिवशी अळ्यांना गाजर, ओट्स असं चांगलंचुंगलं खाऊ घालावं, म्हणजे ते पालीच्या पोटी जातं. मग पोळी लाटताना लाटीला पिठी लावतो तशी पावडर लावायची. डबीत पावडर आणि अळ्या घालून हलवलं की झालं. अळ्यांच्या जोडीला अधूनमधून रातकिडेही द्यावेत. ते सुटले की फ्रिजमागे जाऊन रात्रभर गातात, आणि रात्री न खाल्लेले पेटीत राहिले तर पालीलाच चावतात. एका जातीची झुरळंही विकत मिळतात. हो, पैसे मोजून झुरळं! पण ती खरोखर चांगली. त्यांना वास नाही, आवाज नाही आणि गुळगुळीत डब्यातून वर चढता येत नाही.

खर्च वाचवायचा तर मीलवर्म घरीच वाढवावेत. पसरट डब्यात कोंडा किंवा ओट्स, वर गाजराच्या साली, झाकणाला बारीक भोकं. अळीचा कोष, कोषाचा भुंगा, भुंग्याची अंडी, पुन्हा अळ्या. तीन-चार महिन्यांत घरचं दुकान सुरू होतं. हे काम मुलीचं. लोक या अळ्या फ्रिजमध्ये ठेवतात, गारठ्यात त्या वाढत नाहीत म्हणून. तुम्ही मात्र सासूबाई येणार आहेत हे ध्यानात ठेवून त्या फ्रिजमध्ये ठेवू नका. कोथिंबीर काढायला गेलेल्या बाईच्या हाती अळ्यांचा डबा लागला तर सहा महिन्यांचा मुक्काम सहा दिवसांवर येईल!

एक इशारा. उन्हाळ्यात तुमच्याकडे संध्याकाळी अंगणात काजवे चमकतात, मुलं ते बाटलीत धरतात. काजवा पालीला कधीही घालू नये. त्यात असं विष असतं की एखादा काजवादेखील असल्या प्राण्याचा जीव घेतो. बागेतले इतर किडेही नकोत, हिरवळीवर औषधं मारलेली असतात.

जिवंत किडे घरात नकोतच, असं तुमच्याकडे पक्कं असेल तर दुसरी एक पाल आहे, क्रेस्टेड गेको. न्यू कॅलेडोनिया बेटांवरची. ती नामशेष झाली अशी समजूत होती, १९९४ मध्ये पुन्हा सापडली आणि आता घरोघरी वाढते. ती फळांची तयार पावडर पाण्यात कालवून खाते आणि घरच्या साध्या तापमानाला राहते, म्हणून पॅडचा खर्चही बहुधा वाचतो. मात्र त्या पावडरीत कधी अंड्याचा, कधी किड्यांचा अंश असतो, डब्यावर वाचून घ्यावं. तिला उभी, उंच पेटी लागते, रोज पाणी फवारावं लागतं, आणि ती आपल्या पालीसारखी काचेवर सरसर चढते. देव्हाऱ्यातून मागे वळून पाहिलं की समोर काचेवर पाल, हे सासूबाईंना किती रुचेल याचा विचार तुम्हीच करा. माझं मत विचाराल तर तुमच्या घराला पहिलीच बरी.

आता खुद्द सासूबाई. पाल अंगावर पडण्याचे शकुन-अपशकुन त्यांच्या मनात असतील तर वाद घालू नये. कांचीपुरमच्या वरदराज पेरुमाळ मंदिरात छताला सोन्याची आणि चांदीची पाल आहे, लोक रांगा लावून त्यांना हात लावतात, दोष जातो म्हणून. ही गोष्ट गप्पांच्या ओघात सांगून बघा. पाल विषारी असते हीही समजूतच. जगातली कुठलीच पाल विषारी दंश करीत नाही.

पण त्यांच्या किळसेत एक खरी गोष्ट आहे, ती हसण्यावारी नेऊ नका. पाली, कासवं, सरडे, या साऱ्यांच्या विष्ठेत साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. पाल ठणठणीत असते, आजारी पडतात ती माणसं. जुलाब, ताप, कधी त्याहून वाईट. अमेरिकेत १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी आली ती याच जंतूंपायी, मुलं ती तोंडात घालीत. तिकडचं आरोग्य खातं सांगतं की पाच वर्षांखालचं मूल असलेल्या घरात असले प्राणी आणूच नयेत. पासष्टीच्या पुढची माणसं आणि ज्यांची प्रतिकारशक्ती खालावली आहे त्यांनीही जपावं. तुमच्या घरी तान्हं मूल असतं, तर मी या पत्राला एका ओळीत नकार लिहिला असता.

तुमच्याकडे प्रश्न आहे तो सासूबाईंच्या वयाचा. त्या स्वयंपाकघरात वावरणार, म्हणून पेटी स्वयंपाकघरात किंवा जेवणाच्या टेबलाजवळ नको, ती मुलीच्या खोलीत. पेटीतलं काहीही स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायचं नाही. वेगळी बादली, वेगळा स्पंज, त्यांच्यावर खूण. न्हाणीघरात धुतलं तर नंतर ब्लीचनं पुसून घ्यायचं. पालीला, पेटीला, अळ्यांना हात लागला की साबणानं वीस सेकंद हात धुवायचे, मगच आजीच्या गळ्यात पडायचं. पाल खांद्यावर घेऊन सोफ्यावर बसणं, तिचे मुके घेणं बंद. एक सोय मात्र आहे, ही पाल बहुधा एकच कोपरा धरून घाण करते. तिथे पेपर टॉवेलची घडी ठेवली की रोज तीच उचलायची. आणि सासूबाईंना येण्याआधी फोनवर सांगून टाका. तिथे आल्यावर अचानक दाखवू नका.

आता मनात शंकेची पाल चुकचुकते ती सांगते. ही पाल पंधरा-वीस वर्षं जगते. तुमची लेक आज अकरा वर्षांची आहे. सात वर्षांनी ती कॉलेजला जाईल, वसतिगृहात पाल चालणार नाही. तेव्हा ही तुमची पाल ऐन भरात असेल आणि तिच्यापुढे अळ्या घेऊन उभ्या असाल तुम्ही. जुन्या सामानाच्या जाहिराती नीट वाचून पाहा, पेटीसकट पाल देऊन टाकणाऱ्या कितीतरी घरांत मूल शिकायला गेलेलं असतं. म्हणून लेकीला ‘तू करशील ना?’ असं विचारू नका, ती हो म्हणणारच. तुम्ही स्वतःला विचारा. तुमचं उत्तर नाही असेल तर नाही म्हणा, अकरा वर्षांची मुलगी एका नकारानं कोमेजत नाही.

उत्तर हो असेल, तर त्याच जाहिरातींतून पाल घ्या, असं मी सुचवीन. पाल, पेटी, पॅड, सारं मिळून पाऊणशे-शंभर डॉलरला सुटतं. पाल वाढीला लागलेली असते, दिवसाआड खाते, म्हणजे तुमचंही काम निम्मं. शिवाय कुणा आईची सुटका. फक्त पारखून घ्यावी. शेपटी पाहा, तिच्यात चरबी साठते, ती गुबगुबीत हवी. काडीसारखी शेपटी म्हणजे आजार, दया येऊन घेऊ नका. डोळे उघडे आणि स्वच्छ, बोटं पूर्ण, चाल सरळ. मान सारखी वाकडी होत असेल, गोल गोल फिरत असेल तर नको. शेपटी धरून उचलू नये, तुटून हातात येते. पुन्हा उगवते, पण बुटकी. एकटी राहते म्हणून जोडीदार आणू नये. दोन नर एकमेकांना फाडतात, आणि नर-मादी ठेवली तर मादी हंगामभर दोन-दोन अंडी घालीत बसते.

आणण्याआधी घराच्या भाडेकराराचा कागद काढून वाचा. काही राज्यांत परवाना लागतो, हवाईत तर ही पाल पाळायला बंदीच आहे. तुमच्या गावचा नियम विचारून घ्यावा. मग रिकामी पेटी मांडून एक आठवडा चालू ठेवा. सकाळ-संध्याकाळ दोन्ही बाजूंचं तापमान लेकीनं वहीत लिहायचं. एकही दिवस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून आठवडा. पाल तिच्या हाती येईल ती ही वही भरल्यावर.

तुम्ही दर दोन वर्षांनी महिनाभर इकडे येता असं लिहिलं आहे. धडधाकट मोठी पाल आठवडाभर खाण्यावाचून काढते, महिना नाही. आणि पाणी व ऊब यांवर तर रोज कुणी नजर टाकायलाच हवी. शेजारच्या एखाद्या मोठ्या मुलाला आधीच शिकवून ठेवा, परतताना त्याच्यासाठी चकलीचा डबा न्या. हिमवादळात वीज गेली तर पेटीवर रग टाकावा आणि ऊब परत येईपर्यंत खायला घालू नये, गारठ्यात अन्न पचत नाही, पोटात कुजतं. दिवसभराचा गारवा ती सोसते.

पुढील अंकी साठवणीच्या गव्हाला लागणाऱ्या किडीविषयी आलेल्या पत्रांना उत्तरं देईन.